वारा आवरत नाही, पत्रे आवरा

वादळ आधीच फोडून टाकता येत नाही का? परदेशातल्या टोर्नेडोची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली की कर्जत तालुक्यातल्या शेलू स्थानकाच्या फलाटावरही हा प्रश्न निघतो. प्रश्न अगदीच खुळा नाही. अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्पात विमानांतून चक्रीवादळांवर सिल्व्हर आयोडाइड फवारून पाहिले. काही वेळा वारा मंदावलाही. पण असे चढउतार वादळात आपोआपच होतात, हे पुढे लक्षात आले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. टोर्नेडो त्याहून चपळ. खाली दमट-उष्ण हवा, वर कोरडी-थंड हवा आणि उंचीगणिक दिशा बदलणारा वारा एवढी सामग्री जुळली, की तो गडगडाटी ढगातून उतरतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. तेव्हा उत्तर सरळ आहे: नाही.

कर्जत-खालापुरात टोर्नेडोच्या धास्तीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. छप्पर उडायला मात्र टोर्नेडो लागत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. हवामान खात्याचा इशारा वेळेत आला, किनाऱ्यावरची माणसे हलवली गेली, म्हणून जीवितहानी मोजकी राहिली. घरे हलवता येत नाहीत. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून आत घाटापर्यंत पत्रे, कौले, झाडे, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांनी वीज यायची वाट आठवडेच्या आठवडे पाहिली. पूर्ण पडलेल्या घराची मदत सरकारने ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. योग्यच केले. पण तेच छप्पर वादळाआधी भिंतीला जखडून घ्यायला कोणाला छदाम मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वास्तविक खर्च तिथेच थोडा आहे. वारा पत्र्यावरून वेगाने सरकला की वरचा दाब घटतो, दारा-खिडक्यांतून शिरलेली हवा खालून रेटते आणि पत्रा उचलला जातो. त्यावर दगड आणि जुने टायर ठेवून भागत नाही. वाऱ्याने तेच खाली येतात. पत्र्याच्या कडांना कमी अंतरावर हूक हवेत, आणि वासे भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी हवी. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर वेग धरते; म्हणजे ताशी साधारण १४० ते १६० किलोमीटर. आपले दोन्ही तालुके या दोन शहरांच्या मधले. शेलू-नेरळच्या नव्या इमारतींच्या आराखड्यात हे आकडे असतात. ठाकूरवाडीतल्या घराला किंवा कोंबड्यांच्या शेडला ते कोण विचारतो?

जाहिरातींच्या फलकांचेही तेच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची. १७ माणसे गेली. ते चक्रीवादळ नव्हते, वळवासोबतचे धुळीचे वादळ होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खालापूर हद्दीत उभ्या असलेल्या फलकांचे सांगाडे कोणी शेवटचे कधी तपासले, हे लोकांना कळायला हवे.

आणखी एक चूक तारखेची. ‘मान्सूनपूर्व’ म्हणून फांद्या छाटणे, खांब बघणे ही कामे बहुधा मे महिन्यात निघतात. वळीव तोवर सुरू झालेला असतो. हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच घ्यावा: कोणाचे छप्पर मोकळे, कोणते झाड वीजवाहिनीवर झुकलेले, वारा सुटल्यावर वाडीतल्या लोकांनी कोणत्या पक्क्या खोलीत जायचे. शाळा ही त्यासाठी सोयीची जागा, पण तिच्या खोलीची किल्ली गावातच असली पाहिजे. दुचाकीस्वाराने झाडाखाली वा फलकाखाली आडोसा घेऊ नये, हे पोरांना शाळेतच सांगता येईल. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. तेही एका तासिकेचे काम.

राहता राहिले वीटभट्टीवरचे लोक. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात, म्हणजे ऐन वळवात कातकरी कुटुंबे तिथेच पेंढ्या-प्लास्टिकच्या झोपड्यांत असतात. गावाबाहेर असल्याने ग्रामसभेच्या यादीतून नेमकी तीच सुटतात. भट्टीला परवानगी देताना मजुरांसाठी निवाऱ्याची एक पक्की खोली बांधण्याची अट तहसीलदारांनी घालावी, आणि मार्च उजाडण्यापूर्वी ती जागेवर जाऊन पाहावी.