दोऱ्यांकडे कोण बघतं?

गेल्या टेकफेस्टला आमच्या टीमची छत्री उघडली नाही, हे एव्हाना अख्ख्या हॉस्टेलला माहीत आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांनी मेसमध्ये ऑम्लेटच्या दिवशी आमच्या टेबलाजवळ बसावं, कळेल! गच्चीवरून अंडं सुखरूप खाली उतरवायचं, एवढंच काम होतं. कापड झकास आणलं होतं, शिवण दोनदा मारली होती, ड्रॅगचं गणित वहीत करून सरांची सही घेतली होती. आठ दोऱ्या मात्र सोडायच्या दोन मिनिटं आधी, मांजा चकरीला गुंडाळावा तशा कापडाभोवती गुंडाळल्या. वरून सोडल्यावर त्यांचा एकच दोरखंड झाला, छत्री फुगलीच नाही आणि अंडं… जाऊ द्या.

नंतर परीक्षकांनी विचारलं, कापड कुठलं? शिलाई कुणी केली? दोऱ्या कशा भरल्या, हे कुणी विचारलं नाही. गुणांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. माझी तक्रार आहे ती इथेच.

मित्रांनो, पॅराशूट म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते रंगीत कापड. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्यात साडी दिसते, छत्री दिसते, दोऱ्या शोधाव्या लागतात. पण सुट्टीत या विषयावर जे मिळेल ते वाचून काढल्यावर माझं मत असं झालंय, की छत्री ही कापडाची वस्तूच नाही. ती दोऱ्यांची वस्तू आहे, वर थोडं कापड लावलेलं.

हौशी स्कायडायव्हर वापरतात त्या चौकोनी, पंखासारख्या छत्रीचं उघडणं बघा. हाताने वाऱ्यात सोडलेली चिमुकली पायलट शूट पाठीवरून पिशवी उचलते. पिशवीवर रबर बँडांत अडकवलेल्या दोऱ्या एकेका वेटोळ्याने सुटत जातात. त्या पूर्ण ताणल्या गेल्या की शेवटचे बँड सुटतात, पिशवीचं तोंड उघडतं आणि मग कापड बाहेर येतं. आधी दोऱ्या, मग कापड. हा क्रम बिघडला की घात.

वेटोळी सैल असली तर सगळ्या दोऱ्या एकदम ढिगाने बाहेर पडतात. त्यांचा कुठेतरी फास बसतो, किंवा दोऱ्या ताणायच्या आधीच कापड फुगतं आणि माणसाला जबरदस्त हिसका बसतो. उलट एक वेटोळं दुसऱ्यात अडकलं तर पिशवी उघडतच नाही. म्हणून तो बँड गरज पडली तर तुटावा असाच असतो. त्याच्या जागी ‘मजबूत’ म्हणून हाताला लागेल ते लावणं म्हणजे घरात फ्यूजऐवजी जाड तार घालण्यासारखं आहे. (हे आपल्या विंगमध्ये कुणी केलं होतं ते सर्वांना ठाऊक आहे.)

सुकाणूच्या, म्हणजे ब्रेकच्या दोऱ्यांची तर वेगळीच कथा. हातातली मूठ दर उडीनंतर परत जागेवर लावताना नकळत पीळ पडतो. लँडलाइनच्या रिसीव्हरची वायर आठवा. पीळ साठत गेला की उघडताना दोऱ्या एकमेकींना धरतात आणि गाठ बसते. उपाय काय, तर अधूनमधून मूठ सोडून पीळ काढणे. खर्च शून्य! घडी घालतानाही हीच दोरी बाजूला सरकू द्यायची नसते. दोऱ्या मध्यभागी, कापड बाहेरच्या बाजूला. एखादी दोरी कापडावरून पलीकडे गेली तर छत्री मधोमध आवळली जाते आणि गरगर फिरू लागते. मग ती कापून टाकून राखीव छत्री उघडणं, एवढंच हातात उरतं. आणि नवशिक्या काय करत असतो? गुळगुळीत नवं कापड पिशवीत कोंबता कोंबता घामाघूम झालेला असतो. दोऱ्यांपर्यंत पोचेतो त्याचा पेशन्स संपलेला!

आता सामानाच्या निवडीबद्दल. इथे आपल्यासारख्यांचा हमखास घोटाळा होतो, कारण बारीक आणि भारी म्हणजे चांगलं, असं आपल्याला वाटतं. स्पेक्ट्राची दोरी बारीक आणि बळकट, पण स्लायडरच्या कड्या घासून होणाऱ्या उष्णतेने ती आखडते. त्यातही कडेच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या जास्त, त्यामुळे छत्रीचा तोल बिघडतो. व्हेक्ट्रन लांबी टिकवते, पण झिजते. डेक्रॉन जाड, जागा खाणारी, पण थोडी ताणली जाते म्हणून हिसका कमी. नवशिक्याला मी डेक्रॉनच सुचवेन, आणि वर मोठी, संथ छत्री. दोऱ्यांना पीळ पडला तरी अशी छत्री बहुधा सरळ उडत राहते आणि पाय झाडून पीळ सोडवायला वेळ देते. लहान, चपळ छत्री त्याच पिळात भिरभिरत खाली येते. आपल्या चुका सोसेल ते सामान घ्यावं. फोटोत काय शोभतं हा प्रश्न नंतरचा.

हे हौशी लोकांचं झालं, मोठ्यांचं काय, असं कुणी म्हणेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंगच्या स्टारलायनर यानाच्या चाचणीत तीनपैकी एक मुख्य छत्री बाहेरच आली नाही. पायलट शूट आणि मुख्य छत्री जोडणारी पिन नीट बसवलेली नव्हती, आणि वरच्या आवरणामुळे ती चूक डोळ्यांना दिसत नव्हती. पुढे २०२३ मध्ये त्याच यानाच्या छत्र्यांच्या दोऱ्यांमधले जोड समजलं होतं त्यापेक्षा कमी भाराला तुटू शकतात, असं आढळलं. गणित करणाऱ्यांची तिथे काही कमतरता नव्हती, बरं का!

अमेरिकेतल्या नियमानुसार मुख्य छत्रीची घडी एक तर परवानाधारक रिगरने घालावी लागते, नाहीतर त्याच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्याने, किंवा जो पुढची उडी मारणार त्याने स्वतः. मला हा तिसरा पर्याय फार आवडतो. राखीव छत्रीला मात्र रिगरच लागतो, तिथे हौस चालत नाही.

तेव्हा टेकफेस्ट कमिटीला आणि सरांना विनंती. पुढच्या वर्षी शंभरातले निदान वीस गुण घडी आणि दोऱ्यांसाठी ठेवा. सोडण्याआधी प्रत्येक टीमने आपली छत्री दुसऱ्या टीमसमोर उघडून, दोऱ्या दाखवून परत भरावी. पंधरा मिनिटं जास्त लागतील. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत टेबल लावायचं काम आमच्याकडे. आणि हो, अंडी यंदा दुसऱ्या कुणीतरी आणा, मेसवाले काका आम्हाला देणार नाहीत.