विसराळू मुलाशी पट मांडताना

स्मरणिकेत आठवणी लिहिण्याची रीत आहे. आम्ही मात्र न आठवण्याविषयी लिहिणार आहोत.

आपल्या वसतिगृहात दरवर्षी असा एखादा मुलगा येतोच. “पेटीतून वही काढ, बाईंना दे आणि येताना खडू आण,” एवढे सांगितले की तो वही काढतो आणि तेथेच उभा राहतो. तो उद्धट नसतो, आळशीही नसतो. पुढची दोन कामे त्याच्या मनातून निसटलेली असतात. त्याला ‘मठ्ठ’ म्हणण्याची घाई आम्ही शिक्षकच करतो. ज्यांच्या आजा-पणजांना ‘तुमच्या जातीला विद्या कशाला’ म्हणून वर्गाबाहेर बसवले गेले, त्यांच्याच नातवंडांना हा शब्द आम्हीही वापरला आहे. त्याची लाज वाटते.

ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत मनात धरून ठेवणे, ही एक वेगळीच शक्ती आहे. मानसशास्त्र तिला कार्यरत स्मृती म्हणते. जॉर्ज मिलर या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरतो असे मांडले. पुढील संशोधनाने तो आकडा चारच्या आसपास आणला. लहान मुलाची ओंजळ त्याहूनही लहान असते.

शहरांतील उपचारकेंद्रांत अशा मुलांबरोबर पटावरचे व पत्त्यांचे खेळ खेळतात. पण मोसम खोऱ्यातील शेतमजूर आईने दर आठवड्याला नाशिक गाठायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवायची. म्हणून आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या आणि त्यांवर जोडीजोडीने चित्रे काढली: कांदा, डाळिंब, बैलगाडी, पिंपळपान. पत्ते पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी जुळली तर उचलायची. आरंभी चारच जोड्या. खरे काम मात्र पत्ते उलटण्यात नाही. शिक्षकाने शेजारी बसून विचारायचे, “कांदा कसा रे ध्यानात ठेवलास?” “दाराकडच्या कोपऱ्यात होता, सर.” जागेला नाव देणे, मनाशी घोकणे, सुट्या गोष्टींची मोट बांधणे, या युक्त्या अशा बोलण्यातून मुलाच्या हाती लागतात. विचारणारा कोणी नसेल तर उरतो तो केवळ वेळ घालवणे.

एका पालकांनी आम्हांला सुनावले, “सर, पोरगं पत्ते कुटायला नाही पाठवलं.” पारावरच्या पत्त्यांनी संसार खाल्लेले ज्यांनी पाहिले, त्यांची भीती खोटी कशी म्हणावी? म्हणून राजा-राणीचे पत्ते येथे नाहीत, पैजही नाही. एका उपासकांनी ब्रह्मजालसुत्ताकडे बोट दाखवले. दीघनिकायातील त्या सुत्तात तथागत ज्या खेळांपासून दूर राहतात त्यांची यादी आहे आणि ती पटाच्या खेळांपासूनच सुरू होते. परंतु तेथे प्रश्न श्रमणाच्या प्रमादाचा आहे, नऊ वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा नव्हे. त्याच यादीत ‘आकास’ नावाचा खेळ येतो: समोर पट नाही, तो आकाशात कल्पायचा आणि घरे, चाली साऱ्या मनात धरायच्या! इतिहासाचा विद्यार्थी येथे थबकतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही दगडात कोरलेले पट आढळले आहेत. ते भिक्खूंनीच कोरले असे आम्ही म्हणणार नाही. लेण्यांच्या सावलीला वाटसरू आणि गुराखीही बसत आले.

तरीही अतिशयोक्ती नको. अशा सरावाने त्याच धाटणीची कामे अधिक जमू लागतात. गणिताचे गुण आपोआप वाढत नाहीत, असे संशोधन बजावते. म्हणून सूचना एकेक करून देणे, त्या फळ्यावर लिहिणे, हे आमचे काम सुटत नाही. माजी विद्यार्थी संगणककक्षासाठी देणग्या देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे मागणे मात्र संध्याकाळच्या अर्ध्या तासाचे आहे, आणि त्या वेळी मुलांशेजारी बसणाऱ्या एका माणसाचे.

तो वहीवाला मुलगा आजही विसरतो. परवा मात्र अर्ध्या वाटेवरून परत आला आणि म्हणाला, “सर, दोनच धरले होते. तिसरं परत सांगा.”