फाइल कोणाच्या ताब्यात?

चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे वैनगंगेकाठच्या आणि जंगलाआडच्या खेड्यांतून आलेला शेतकरी दाखल्यासाठी किंवा सातबाऱ्याच्या नकलेसाठी बाकावर खोळंबलेला असतो, तेथे ‘ही फाइल अन्यत्र उघडी आहे’ अशी सूचना पडद्यावर उमटली की संगणकचालक बहुधा एकच उपाय योजतो, आणि तो म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. उपाय गुणकारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु फाइल कोणी अडवून धरली होती व कशासाठी, याचा सारा पुरावा त्या एका कृतीने नष्ट होतो, आणि तीच अडचण पुनश्च उद्भवली म्हणजे चौकशीला अथपासून आरंभ करावा लागतो. आधी धारकाची विचारणा, मग कारवाई, हा क्रम आमच्या व्यवसायबंधूंनी अंगी बाणवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

हा क्रम या मुलखाला नवा नाही. चामोर्शीचा हा गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. त्यापूर्वी, मध्यप्रांताच्या अमदानीत, मालगुजारी गावांचे मिसल बंदोबस्त, निस्तारपत्रके आणि वाजिब-उल-अर्ज यांचे बस्ते ज्या पद्धतीने राखले जात, तीत नेणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण नोंदवहीत चढविल्यावाचून कागदाने दप्तरखान्याचा उंबरठा ओलांडू नये असाच जाबता असे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर निस्ताराच्या त्याच जुन्या कागदांना पुराव्याचे मोल आले, हे येथील वाचकांस सांगावयास नको. संगणकाची कार्यप्रणालीही अशीच नोंदवही ठेवते. भेद इतकाच की ती स्मृतीत असते आणि फाइल परत होताच ती ओळ पुसली जाते.

लिनक्समध्ये ही नोंद ‘प्रॉक’ या आभासी निर्देशिकेत दिसते. प्रत्येक चालू प्रक्रियेच्या क्रमांकाचा तेथे एक कप्पा असून तिने उघडलेल्या फाइलींचे दुवे त्यात असतात. ते वाचून धारकाचे नाव, क्रमांक व मालक सांगणारे ‘एलसॉफ’ हे साधन पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक्टर एबल यांनी रचले. ‘फ्यूजर’ त्याहून मितभाषी, केवळ क्रमांक सांगून मोकळे होणारे. मात्र मूळ प्रशासकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या, अधिकारावाचून विचारले तर इतरांच्या प्रक्रिया उत्तरात येत नाहीत, आणि रिकामे उत्तर म्हणजे ‘कोणी धारक नाही’ असा ग्रह करून घेणारे पुष्कळ भेटतात. याहून विलक्षण प्रकार पुसलेल्या फाइलीचा. निर्देशिकेतून नाव गेले तरी एखाद्या प्रक्रियेने ती उघडी ठेवली असेल तोवर तिचा मजकूर तबकडीवर शाबूत राहतो व जागाही मोकळी होत नाही. तबकडी भरली म्हणून हवालदिल झालेल्याने एलसॉफकडून अशा निनावी फाइलींची यादी मागावी, आणि चुकून पुसलेली महत्त्वाची फाइल कोणी उघडी धरली असेल तर त्या प्रक्रियेला धक्का न लावता तिच्या प्रॉकमधील कप्प्यातून प्रत काढून घ्यावी.

तथापि ही साधने विचारल्या क्षणाची स्थिती सांगतात. क्षणार्धात फाइल उघडून, बदलून, मिटणारी प्रक्रिया त्यांच्या हाती सहसा लागत नाही. तिच्यासाठी पाळतच ठेवावी लागते. 2005 साली लिनक्सच्या गाभ्यात आलेले ‘इनोटिफाय’ यासाठी अनेकजण वापरतात व निराश होतात, कारण फाइल बदलली हे ते सांगते, कोणी बदलली हे सांगत नाही. ‘फॅनोटिफाय’ प्रक्रियेचा क्रमांक देते. पण कचेरीच्या कामास आम्ही गाभ्यातील ऑडिट यंत्रणाच पसंत करू, कारण वापरकर्ता, आज्ञावली आणि वेळ या तिन्हींची टिकाऊ नोंद ती करते. पहारा त्या एका फाइलीपुरताच लावावा; सबंध तबकडीवर लावला तर नोंदींच्या ढिगाऱ्यात हवी ती ओळ शोधणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते.

तालुक्याच्या कचेऱ्यांत विंडोजचा प्रचार अधिक. तेथे रिसोर्स मॉनिटर मुळातच असतो, आणि मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्सप्लोरर (त्यांची सिसइंटर्नल्स 2006 साली मायक्रोसॉफ्टने घेतली) फाइलीचे नाव देताच धारक दाखवितो. तो पुष्कळदा विषाणुरोधक किंवा फाइलीची झलक दाखविणारा चौकोन निघतो, आणि दोष मात्र शेजारच्या कारकुनाच्या माथी मारलेला असतो! तेथूनच धारकाची पकड बळाने सोडविण्याची सोय आहे, पण तिने अर्धवट लिहिलेला मजकूर बिघडू शकतो. ती अखेरचा उपाय म्हणूनच योजावी. फाइल सामायिक फोल्डरात असेल तर आपल्या यंत्रावर विचारणे व्यर्थ. ती ज्या सर्व्हरवर आहे तेथील उघड्या फाइलींची यादी पाहावी, तीत वापरकर्त्याचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. नाव कळल्यावर पलीकडच्या टेबलापाशी जाऊन ‘भाऊ, तेवढी फाइल बंद करता का?’ असे विचारावयास कोणत्याही साधनाची गरज पडत नाही.