बैलाची बोली आणि ट्रॅक्टरची पावती

ट्रॅक्टर बिघडला की एकच वाक्य ऐकू येतं, 'चालवणाऱ्यानं वाट लावली.' शोरूमवाला हेच म्हणतो, त्याचा फिटर हेच म्हणतो, फायनान्सवाला हप्ता मागताना वर हेच ऐकवतो. आता पारावर बसलेली आपली माणसंसुद्धा हेच म्हणायला लागलीत. मला हे वाक्य मान्य नाही. विकणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात अडकवायची ही युक्ती आहे.

बैलबाजार आठवा. बैल घेताना आमच्याकडं दात बघत, खूर बघत, चाल बघत. पण त्याहून मोठी होती ती बोली. 'मारका नाही, बसका नाही, औताला लागलेला आहे' असं विकणारा चारचौघांत बोलायचा. घरी आणून जुंपल्यावर बैल तासात बसला, तर तो परत करता यायचा. व्यापारी कितीही लबाड असो, बोलीला बांधलेला. त्याला ना स्टॅम्प लागायचा ना वकील. आज सात-आठ लाखांच्या यंत्राला पावती आहे, वॉरंटीचं पुस्तक आहे, पंधरा ठिकाणी सह्या आहेत. बोली तेवढी नाही.

नव्या ट्रॅक्टरचंच घ्या. माझ्या चाळीस हॉर्सपॉवरच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरची लिफ्ट ७० तास चालल्यावर वर यायची बंद झाली. मृगाचा पाऊस झालेला, वाफसा आलेला, पेरणीयंत्र मागं जोडलेलं. लिफ्ट उचलत नाही म्हणजे बांधावर वळताच येत नाही. शोरूमला फोन लावला की 'कंप्लेंट टाकलीय काका' एवढंच. माणूस आला पाचव्या दिवशी. आल्या आल्या, काही न उघडता म्हणतो, 'तुमच्याकडून घाण तेल गेलंय.' अरे बाबा, आतलं तेल कंपनीनंच भरलेलं, आम्ही झाकणाला हातसुद्धा लावला नव्हता! उघडल्यावर व्हॉल्व्हमध्ये लोखंडाची कीस अडकलेली निघाली, तांदळाच्या कणीएवढी. ती काय माझ्या रानातून आत गेली? पार्ट साफ करून दिला, पैसे घेतले नाहीत, हे खरं. पण पाच दिवसांत रानाचा वाफसा उडून गेला, त्याचा रकाना वॉरंटीच्या पुस्तकात कुठं आहे? पुस्तक पार्टाची किंमत मोजतं. शेतकऱ्याचं नुकसान होतं ते दिवसाचं.

आणि ते पुस्तक नीट वाचून बघा. क्लचप्लेट, फिल्टर, रबरी वस्तू म्हणजे झिजणारा माल, तो बहुतेक वेळा वॉरंटीबाहेर. टायर आणि बॅटरीसाठी त्यांच्या कंपनीकडं जा. मग उरतं काय?

विकणारे म्हणतात, सरकारनं तपासलेला ट्रॅक्टर आहे. खरंय. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टरची ताकद, लिफ्ट, डिझेलचा खप सगळं तपासून अहवाल निघतो. पण तिथं तपासतात तो नमुना. तुमच्या दारात येतो तो नमुना नव्हे, त्याचा भाऊबंद. मधल्या काळात तो यार्डात उन्हापावसात किती महिने उभा होता, दारात देण्याआधी नटबोल्ट, तेल कुणी बघितलं की नुसत्या कागदावर टिक मारली, ते कोण सांगणार?

जुन्याची तऱ्हा याहून वाईट. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेला ट्रॅक्टर फायनान्सच्या यार्डातून माझ्या चुलतभावानं घेतला. 'जसा आहे तसा' हीच तिथली बोली. मीटर १,४०० तास दाखवत होता. आता हिशोब करा. उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर रोज दहा तास धरला आणि हंगाम १५० दिवसांचा धरला, तर एकाच हंगामात १,५०० तास होतात. हा तर चार हंगाम दोन-दोन ट्रॉल्या ओढलेला! मीटरची केबल काढून ठेवली की तास थांबतात, झीज थांबत नाही. महिनाभरात मागून घरघर सुरू झाली. उघडलं तर क्राउन-पिनियनचे दात खाल्लेले, आणि आवाज दबावा म्हणून आत जाड तेल ओतलेलं. रंग मात्र नवरदेवासारखा. यार्डवाला काय म्हणाला? 'चालवणाऱ्यानं वाट लावली.'

आपली माणसं हयगय करतात हे मी नाकारत नाही. एअर क्लीनरचं तेल महिनोन् महिने बदलत नाहीत, क्लचवर पाय ठेवून चालवतात, पस्तीसच्या ट्रॅक्टरला सात फुटी रोटाव्हेटर जोडतात. त्याचा दोष त्यांनी घ्यावा. पण हयगयीची झीज हळूहळू होते. ७० तासांत निघालेली कीस आणि काढून ठेवलेली केबल ही हयगय नव्हे. पहिली बेफिकिरी आहे आणि दुसरी फसवणूक.

म्हणून घेणाऱ्यांनो, बोली परत आणा. जुना ट्रॅक्टर सकाळी थंड असतानाच सुरू करून बघा. इंजिनाला हात लावा, आधीच गरम असेल तर समजा काही झाकलंय. निळा धूर म्हणजे आत ऑइल जळतंय. डीपस्टिकला दुधासारखं तेल लागलं तर पाणी शिरलंय. नांगर उचलून इंजिन बंद करा. झरझर खाली आला तर लिफ्ट गेलेली. मीटरपेक्षा क्लचच्या पायाचं रबर आणि स्टेअरिंगची ढिलाई जास्त खरं बोलतात. एकरभर नांगरून बघितल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका, आणि काय ठरलं ते कागदावर घ्या.

नव्याच्या बाबतीत प्रत्येक तक्रार लेखी द्या, पोच घ्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ट्रॅक्टर 'धंद्याचा' आहे असं समोरचा वकील म्हणेल. स्वतःच्या राबण्यावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्यात धरत नाही, हे त्याला सांगा.

आणि कंपन्यांकडं मागणं एकच. पेरणीच्या दिवसांत नवा ट्रॅक्टर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी फिटर पाठवा, नाहीतर काम होईपर्यंत दुसरा ट्रॅक्टर द्या. हप्ता एक दिवस चुकला तर तुमचा माणूस दारात हजर होतो. त्याला रस्ता सापडतो, मग फिटरलाच का सापडत नाही?