दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही



ऊस विकास विभागाने या अंकात लागणीवर किंवा खोडव्यावर न लिहिता खुब्याच्या शस्त्रक्रियेवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे काम बांधावरून घराच्या ओसरीपर्यंत जाते. मावळ-मुळशीतल्या कितीतरी ओसऱ्यांवर आता भिंतीला टेकवलेला वॉकर दिसतो. कुणी बांधावरून पडलेले असते, कुणाचा खुबा संधिवाताने झिजलेला असतो. खुबा बदलून घरी आलेल्या माणसाच्या पहिल्या काही रात्री कशा जातात, याबद्दल आम्हाला चार शब्द स्पष्टपणे बोलायचे आहेत.

शस्त्रक्रिया चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी बसवण्याची पद्धत यशस्वी केली. तेव्हापासून जगभर लाखो माणसे या शस्त्रक्रियेने पुन्हा चालू लागली. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ साली रुग्णालय काढले आणि हाडांच्या उपचारासाठी मुंबई गाठण्याची आपल्या भागाची गरज कमी झाली. आज तर तळेगावातही मोठी रुग्णालये आहेत. तेव्हा शस्त्रक्रियेची भीती बाळगू नये.

पण एक गोष्ट बदलली आहे. चार्नलींच्या काळी रोगी कित्येक दिवस रुग्णालयातच पडून असे. आता बहुधा दुसऱ्याच दिवशी, कधी त्याच दिवशीही, माणसाला उभे करतात आणि चार-पाच दिवसांत घरी सोडतात. हे योग्यच आहे, कारण पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. मात्र त्यामुळे दुखण्याच्या आणि जागरणाच्या रात्री आता घराच्या वाट्याला आल्या आहेत. घरात नर्स नाही, उशाशी घंटी नाही. मुलगा चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला, सून दिवसभर राबून थकलेली, आणि म्हातारा माणूस आढ्याकडे बघत पहाटेची वाट पाहतोय, हे चित्र आपल्याकडे काही विरळा नाही.

त्यात आपली सोसण्याची सवय. "काय आबा, दुखतंय का?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "नाही रं, चालायचंच." बायामाणसे तर त्याहून वरचढ. सुनेची झोप मोडेल म्हणून आई रात्री दोन वाजता पाणीसुद्धा मागायची नाही. या सोसण्याचे आपण कौतुक करतो. आमचे मत स्पष्ट आहे. हे कौतुक बंद झाले पाहिजे. ज्याला फार दुखते तो पाय हलवत नाही, व्यायाम टाळतो, दीर्घ श्वाससुद्धा घेत नाही. म्हणजे ज्या चालण्यासाठी एवढा खर्च केला, तेच लांबते. शिवाय दुखण्याने झोप जाते आणि झोप गेली की तेच दुखणे दुसऱ्या दिवशी दुप्पट वाटते. हे चक्र सोसून तुटत नाही.

दुखण्याच्या औषधाचे गणित आपल्या शेतकऱ्याला चटकन कळावे असे आहे. उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी देतो, तेव्हा आपण पाने सुरळी होऊन वाळायची वाट बघत नाही. गोळीचेही तसेच. पहिल्या दिवसांत डॉक्टरांनी ज्या वेळा लिहून दिल्या, त्या वेळांना गोळी घ्यावी. दुखणे डोक्यावर बसल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. रात्रीची गोळी किती वाजता घ्यायची आणि मध्यरात्री जाग आली तर काय करायचे, हे घरी निघतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावे. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ येईल असे बसवता आले तर उत्तम.

आता दुसरे टोक. काही जण सोसत नाहीत, पण थेट औषधाच्या दुकानात जातात. हे त्याहून वाईट. निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत पुष्कळदा एकच औषध असते आणि दुप्पट मात्रा पोटात जाऊन यकृताला किंवा मूत्रपिंडाला इजा होते. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असताना दुखण्याची भलती गोळी घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. झोपेची गोळी मनाने घेतली आणि रात्री तोल जाऊन पडले, की नवा खुबा निखळण्याची किंवा हाड मोडण्याची पाळी येते. झोपेसाठी दारूचा घोट तर गोळ्यांबरोबर विषासमान समजावा. आणि कुणी ‘लगेच आराम पडेल’ म्हणून बिननावाची पुडी दिली तर ती घेऊ नये. अशा पुडीत स्टेरॉइड असू शकते. स्टेरॉइड जास्त दिवस पोटात गेले तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरू शकते. २०२१ साली कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत हे मुंबईच्या डॉक्टरांना दिसले होते. त्यांना ते औषध जीव वाचवायला द्यावे लागले होते. आपण ते पुडीतून घेऊन दुसरा खुबा का घालवायचा?

रात्र सोपी करण्याचे उपाय साधे आहेत, पण तयारी आधीच हवी. जमिनीवरचे अंथरूण बंद करून गुडघ्याहून थोडी उंच कॉट घ्यावी. उताणे झोपावे आणि दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. कुशीवर कधी आणि कोणत्या बाजूने वळायचे, ते डॉक्टर सांगतील तसे. पायावर पाय टाकणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे त्यांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्य. म्हणून कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधी घरात यावी. कॉट ते संडास ही वाट मोकळी ठेवावी आणि तिथे रात्रभर मिणमिणता दिवा असावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकला की सूज आणि ठणका उतरतो, मात्र जखम भिजू देऊ नये. काही जालीम गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि त्यानेही रात्र खराब जाते. तेव्हा पाणी, पालेभाजी, फळे यांत कसूर नको, आणि गरज पडली तर डॉक्टरांना सांगावे. दुपारी दोन-तीन तास झोपून रात्री झोपेची अपेक्षा करू नये. संध्याकाळनंतर चहा नको.

पाहुण्यांविषयीही थोडे. भेटायला जाणे ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण रात्री नऊला जाऊन, उशाशी बसून, "आमच्या मेव्हण्याचा खुबा निसटला होता बघा," ही कथा सांगू नये. ती कथा पाहुण्याबरोबर जात नाही, रात्रभर रोग्याच्या कानात राहते. दिवसा उजेडी जावे, पंधरा मिनिटे बसावे, उसाचे वजन-काट्याचे बोलावे आणि उठावे.

झोप मोडणे काही आठवडे चालू राहते. हळूहळू सुधारत असेल तर घाबरू नये. पण पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड-वाकडा दिसू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही उशीर नको.

शेवटी दोन सूचना. पहिली अशी की प्रत्येक गावच्या विकास सोसायटीने दोन वॉकर आणि एक कमोडची खुर्ची घेऊन ठेवावी. दीड-दोन महिन्यांच्या वापरासाठी प्रत्येक घराने नवी खरेदी करण्याचे कारण नाही. जे काम ट्रॅक्टर-अवजारांच्या बाबतीत सहकाराने केले, ते इथेही होईल. दुसरी सूचना शेजाऱ्यांना. ज्या घरी असा माणूस आहे, तिथे पहिल्या आठ-दहा रात्री भावकीने आळीपाळीने एकेक जण झोपायला पाठवावा. रात्रीची वीज असली की आपण एकमेकांच्या मोटारी चालू करायला जातोच की.

आपल्या तळेगावातल्या एका जुन्या रुग्णालयाच्या नावातच ‘कन्व्हलेसंट होम’ हे शब्द आहेत. दुखण्यातून उठणाऱ्या माणसाच्या विसाव्याचे घर, असा त्याचा अर्थ. आधीच्या पिढीला हे कळले होते की बरे होणे हेही एक काम आहे आणि त्याला जागा, वेळ व माणसे लागतात. ती जागा आता आपले घर आहे. तेव्हा घरातल्या आबांना, आईला आज रात्री पुन्हा एकदा विचारा. आणि "चालायचंच" हे उत्तर मान्य करू नका.

— ऊस विकास अधिकारी