रस बाटलीतून येत नाही, ताटातून येतो

"ताई, अंगात रसच राहिला नाही बघा. जिना चढला की छाती धडधडते, डोळ्यांपुढं अंधारी येते. कुठंतरी एक बाटली लावून द्या की."

वस्तीत आरोग्याच्या कामाला गेलो की हे वाक्य आमच्या कानावर पडतंच. सांगणारी कधी धुणीभांडी करणारी असते, कधी बिगारी कामावर जाणारी, कधी नुकती बाळंत झालेली. नाक्यावरच्या दवाखान्यात बाटली लागते, दिवसभराची मजुरी तिथं जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नर्सच्या नोकरीत अशा बाटल्या आम्ही आमच्याच हातांनी लावल्या आहेत. त्यांत काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून आज लिहितो आहोत.

आधी 'रस' या शब्दाकडे बघू. तो आपल्या तोंडी आयुर्वेदातून आला आहे. आयुर्वेद शरीरात सात धातू मानतो : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. पहिला रस. खाल्लेलं अन्न पचलं की त्याच्या साराचा रस होतो, तो हृदयातून सगळ्या अंगात फिरतो आणि बाकीच्या धातूंना पोसतो, अशी ही मांडणी आहे. चरकसंहितेत त्याचं मापही दिलं आहे : ज्याच्या-त्याच्या ओंजळीने नऊ ओंजळी. रस कमी झाला तर काय होतं? थोड्या श्रमाने छाती धडधडते, अंग थरथरतं, तहान लागते, मोठा आवाज सोसत नाही. म्हणजे जिन्यावर बसून आमच्या मावशी जे सांगतात, ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनीही पाहिलं होतं. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे.

पण निरीक्षण वेगळं आणि कारण वेगळं. रस यकृत-प्लीहेत जाऊन रंगतो आणि त्याचं रक्त होतं, असं सुश्रुतसंहिता सांगते. पोटातल्या बाळाच्या यकृतात आणि प्लीहेत काही काळ रक्त तयार होतं, हे खरं. पण जन्मलेल्या माणसाचं रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतं. अन्नातलं साखर-प्रथिनांचं सत्त्व आतड्यातून शिरेवाटे यकृतात जातं. स्निग्ध भाग दुधासारख्या पांढऱ्या द्रवातून छातीतल्या एका नळीने वर चढून मानेजवळ रक्तात मिसळतो. हे सगळं शरीर उघडून, सूक्ष्मदर्शकातून पाहून कळलं. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं मानू नका, स्वतः तपासा, असं तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितलं होतं. तो उपदेश वैद्यकालाही लागू आहे. जुन्या पोथीला लागू आहे आणि नाक्यावरच्या बाटलीलाही.

म्हणून बाटली तपासू. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच चमचे. तिची ताकद साधारण अर्ध्या भाकरीएवढी. नुसत्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. त्यात ताकद शून्य. दोन्हींत लोह नाही, प्रथिनं नाहीत. कधीकधी त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टाकतात, बाटली पिवळी दिसते आणि बाईला वाटतं, रस चढतोय. दोन दिवस बरं वाटतं ते थोडं पाण्याने, थोडं तासभर पडून राहायला मिळालं म्हणून. त्या बाईला तेवढी विश्रांतीही एरवी मिळत नाही, हे दुःख बाटलीपेक्षा मोठं आहे.

सलाईन वाईट नाही. जुलाब-उलट्यांनी माणूस कोरडा पडला, पाणी पोटात ठरत नाही, ऑपरेशन झालं, तेव्हा तीच बाटली जीव वाचवते. पण रक्त फार कमी असलेल्या बाईला बाहेरून भराभर पाणी चढवलं तर आधीच दमलेल्या हृदयावर भार येतो, धाप लागते. सुई स्वच्छ नसेल तर कावीळ अंगाला लागते ती वेगळीच. साधे जुलाब असतील तर ओआरएसची पुडी पुरते. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मग 'रस आटलेल्या' बाईला झालेलं असतं काय? बहुतेक वेळा पांडुरोग, रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं, गरोदर असेल तर 11 च्या वर. बोटाच्या एका थेंबात हे कळतं आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. आधी हा आकडा घ्या, मग औषध. जुन्या वैद्यांनासुद्धा पांडुरोगावर लोह लागतं हे उमगलं होतं, चरकातलं नवायस चूर्ण लोहाचंच आहे. आज तेच लोह सरकारी गोळीत फुकट मिळतं. गरोदरपणात रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस. शौचाला काळं होतं म्हणून गोळ्या फेकू नका, ते लोहामुळे होतं. गोळीच्या आगेमागे चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लिंबू मात्र जरूर. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून रक्त भरायला महिने लागतात. एका तासात कुणी भरून देत असेल तर तो आपल्याला फसवतो आहे.

आता ताटाकडे वळू. आयुर्वेदाच्या नावाने आज जे विकलं जातं ते बहुतेक शाकाहारी असतं. पण चरकसंहितेत मांसरसाची, म्हणजे मटणाच्या पातळ रश्श्याची, शरीर पोसणारा म्हणून स्तुती आहे. आपल्या आयाआज्या कलेजी, वजडी, रक्ती, सुकट खात होत्या, तेव्हा त्याच अन्नावरून त्यांना हिणवलं गेलं. कलेजी-रक्तीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला लवकर लागतं, हे विज्ञान आहे. त्याची लाज बाळगू नका. परवडेल तेव्हा कलेजी, अंडी, सुकट. रोज बाजरी-नाचणी, डाळ, मोड आलेली मटकी, पालेभाजी, वर लिंबू. बाटलीच्या पैशात आठवडाभराची अंडी येतात.

एका बाबतीत मात्र पोथीला ठाम नकार दिला पाहिजे. आईचं दूध रसापासून होतं, असं आयुर्वेद म्हणतो, आणि आईला नीट खाऊ घाला हा त्यातला अर्थ चांगलाच आहे. पण दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर बाळाला मध-तूप द्या, असंही सुश्रुतसंहितेत आहे. वस्तीत अजून मध चाटवतात, चीक पिळून टाकतात. तो पिवळा चीक बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लावा, सहा महिने दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जीवघेणा आजार होऊ शकतो.

आणखी एक. मासिक पाळीचं रक्तही रसापासूनच होतं, असं हेच ग्रंथ म्हणतात. दूध आणि विटाळ एकाच रसातून आले, तर एक पवित्र आणि दुसरं अपवित्र कसं? तरीही त्याच ग्रंथांनी पाळीतल्या बाईला तीन दिवस बंधनात ठेवलं. शरीर पाहताना त्यांनी डोळे उघडे ठेवले, बाईकडे पाहताना मिटले.

आणि रस कुणाला मिळाला, हा प्रश्न पोथीत नाहीच. गावाचं दूध-तूप कुणाच्या ताटात गेलं आणि शिळी भाकरी कुणाच्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आजही घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवते, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात भाकरी बुडवते. हे आपल्या बौद्ध घरांतही चालतं. हिंदू रूढी सोडल्या म्हणतो, मग ही का सोडली नाही? 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपण आपल्या चुलीपाशी तरी तो कायदा लागू करू.

आमचं म्हणणं एवढंच. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की आशाताईला बोलवा, सगळ्या उपासिकांचं हिमोग्लोबिन तपासा, वहीत आकडा लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. अंगणवाडीचा आहार येत नसेल तर मंडळाने मिळून लेखी विचारा. आणि पुरुष मंडळींनी आठवड्यातून एक वार ठरवावा, त्या दिवशी बाईचं ताट आधी वाढायचं. मग तो एक वार सातही वार होऊ द्यावा.

सहा वर्षांच्या उपासाने वाळून गेलेल्या सिद्धार्थाला उभं केलं ते सुजाताच्या खिरीने. वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतो ते याच आठवणीने. त्या दिवशी पहिली वाटी आपल्या घरातल्या बाईच्या हातात द्या.

जय भीम.