औंधचा सराव हा वायफळ खर्च नव्हे

आफ्रिकी सैनिकांना शिकवणे म्हणजे उधळपट्टी, हे एका वाचकपत्रातले मत पटले नाही. मार्च २०१९ मध्ये पुण्यात औंधला १७ आफ्रिकी देशांच्या तुकड्यांनी आपल्या जवानांसोबत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या कामाचा सराव केला. त्यात जमिनीत पेरलेले सुरुंग निकामी करण्याचेही धडे होते. वावरात सुरुंग असले की पेरणीच खुंटते. पेरणी खुंटणे म्हणजे काय, हे आम्हा खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आफ्रिकेतल्या शांततेसाठी आपल्या जवानांनी प्राणही दिले आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोत शांतिसेनेतच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आफ्रिकेतलेच सैनिक अशा कामासाठी तयार झाले, तर आपल्या जवानांवरचा भार हलका होईल. २०२३ मध्ये पुण्यात आफ्रिकी देशांसोबतचा हा सराव पुन्हा झाला. सरकारने तो खंड न पाडता चालू ठेवावा.

– एक शेतकरी वाचक, भातकुली (जि. अमरावती)